गाठ सुताशी आहे

शहरी मराठी माणसाला हल्ली हातानं काहीतरी करावंसं वाटू लागलं आहे. मातीची भांडी करून झाली, घरचा पाव भाजून झाला, साबणाच्या वड्याही पाडून झाल्या. आता सूतकताई आणि हातमागाची पाळी आहे. शनिवार-रविवारच्या कार्यशाळा भरतात, पेटीचरखा घरबसल्या मागवता येतो, टेबलावर मावणारा लाकडी माग कुरिअरनं दारात येतो, आणि ज्या सोसायटीत दुपारी भिंतीत खिळा ठोकायला बंदी असते तिथे चौथ्या मजल्यावरून फणीचे ठोके ऐकू येऊ लागतात. हे सगळं कशासाठी, असं विचारलं की ठरलेली चार उत्तरं मिळतात. पैसे वाचतात, मन शांत होतं, परंपरा टिकते आणि पर्यावरणाचं भलं होतं. शेवटच्या दोन उत्तरांशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण परंपरा आणि पर्यावरण यांच्या नावावर आपल्याकडे काहीही खपतं. पहिली दोन मात्र तपासता येतात, आणि तपासायला घेतली की सुटी होऊन हातात येतात. तरीही घरोघरी कातणं-विणणं शिकलं जावं, असं माझं ठाम मत आहे. फक्त त्याचं कारण या चारांत कुठेच नाही. या छंदातून कापड जेमतेम निघतं, शांती तर अजिबातच निघत नाही. निघतं ते गिऱ्हाईक. चांगल्या विणकराला आज सर्वांत मोठी वाण आहे ती जाणत्या गिऱ्हाइकाची, आणि असं गिऱ्हाईक घडवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्याला थोडे दिवस वाईट विणकर होऊ देणं.

आधी पैशांचं बघू. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी आयुष्यात एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते हे. तिथे असं ठरलं की सभासदानं वर्गणी सुताच्या रूपानं द्यायची, महिन्याला २,००० वार, म्हणजे वर्षाला २४,०००. सूत शक्यतो स्वतः कातलेलं असावं. पण आजारपण, अनिच्छा किंवा असंच काही कारण असेल तर दुसऱ्यानं कातलेलंही चालेल, अशी सोय ठरावातच होती. आजारपणाच्या शेजारी अनिच्छेला बसवणाऱ्याला माणसाची, त्यातून पुढारी माणसाची, चांगलीच पारख असली पाहिजे. वर्ष पुरं व्हायच्या आत, १९२५ च्या सप्टेंबरात, पाटण्याला चार आण्यांची वर्गणी पर्याय म्हणून परत आली. या आकड्यांचं कापड किती होतं ते पाहू. इंचाला ४० उभे आणि ४० आडवे धागे, असं बेताचं जाडसर कापड धरलं, तर एका चौरस वाराला २,८८० वार सूत लागतं. म्हणजे महिनाभराच्या देशसेवेत एक चौरस वारही भरत नाही. वर्षाच्या सुतात सव्वा वार पन्ह्याचं एक पाचवारी धोतर होतं आणि उरल्यासुरल्यात एक उपरणं. नऊवारी लुगड्याचा हिशेब ३२,४०० वारांवर जातो, म्हणजे सोळा महिन्यांच्या वर. घरातल्या कर्त्या पुरुषानं रोज अर्धा तास इमानेइतबारे चरखा फिरवला, एकदाही सूत तुटलं नाही आणि विणणाऱ्यानं एक दिवसही उशीर केला नाही, तरी या दिवाळीला कबूल केलेलं लुगडं पुढची दिवाळी ओलांडून शिमग्याला हातात पडणार. त्या घरात मग जो शिमगा होईल त्यासाठी होळी पेटवायची गरज नाही.

खुद्द गांधीजींचा अनुभवही फार वेगळा नव्हता, आणि त्यांनी तो आत्मकथेत काही न लपवता लिहून ठेवला आहे. ‘हिंद स्वराज्य’मध्ये हातमागाला देशाच्या दारिद्र्यावरचा उपाय म्हटलं, तेव्हा आपण माग किंवा चरखा कधी पाहिल्याचं आठवत नव्हतं, हे त्यांनीच सांगितलं. साबरमतीच्या आश्रमात माग बसवले आणि लक्षात आलं की इथे सगळे वकील, व्यापारी आणि शिकलेले लोक. कारागीर एकही नाही. पालनपूरहून जाणकार विणकर आणला, तर त्यानं हातचं राखून शिकवलं. (आजच्या कार्यशाळेत शिकवणारा हातचं राखत नाही, दोन दिवसांत राखण्याइतकं काही शिकवून होतच नाही.) सूत मिळेना म्हणून चरख्याचा शोध सुरू झाला. गंगाबेन मजमुदारांना तो बडोदा संस्थानातल्या विजापूरला सापडला, पुष्कळ घरांच्या माळ्यांवर अडगळीत पडलेला. चरखे खाली आले तर पेळू हवेत. पेळू करायला पिंजारी हवा. पिंजाऱ्यानं महिन्याला पस्तीस रुपये मागितले, आणि ते दिले गेले. एवढं सगळं जुळून आश्रमात पहिली खादी निघाली ती सतरा आणे वार. सोळा आण्यांच्या रुपयाच्या काळात सतरा आणे, आणि तेही जाड्याभरड्या कापडाला. मित्रांनी ते आनंदानं घेतलं, कारण ते कापडाचे पैसे देतच नव्हते. पुढे १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, नयी तालीम आली, शाळाशाळांत टकळ्या पोचल्या. मुलांच्या हस्तोद्योगातून शाळेचा, निदान मास्तरांच्या पगाराचा, खर्च निघावा अशी मूळ कल्पना होती. टकळीचा भोवरा कसा करायचा हे ज्या वयात आपोआप समजतं, त्या वयाच्या चाळीस मुलांच्या सुतावर पगार अवलंबून असलेल्या मास्तरांचा विचार केला की शिक्षकी पेशाबद्दलचा आदर दुणावतो. सांगायचा मुद्दा एवढाच की शिकाऊ हातांच्या सुतातून बचत काढण्याचा प्रयत्न या देशात मोठमोठ्या माणसांनी, मोठ्या निष्ठेनं करून पाहिला आहे. शनिवार-रविवारच्या जोरावर तो आपल्याला साधेल हे संभवत नाही.

आता मनःशांती. जाहिरातीतल्या फोटोत चरख्यापुढे बसलेल्या बाईचे डोळे अर्धवट मिटलेले असतात. प्रत्यक्षात कातताना डोळे मिटले की सूत तुटतं. उघडे ठेवले तरी तुटतं, पण निदान दिसतं तरी. कापसाचा एकेक तंतू जेमतेम इंचभर लांब. असे असंख्य तंतू एकमेकांना धरून राहतात ते केवळ पिळामुळे. त्यात ना गोंद, ना गाठ. उजव्या हातानं चाक फिरवायचं, डाव्या हाताच्या चिमटीत पेळू धरून मागे ओढायचा, आणि ओढण्याचा वेग व पीळ यांचं सूत जमवायचं, एवढंच काम. पीळ कमी पडला तर तंतू एकमेकांवरून घसरतात आणि हातात पेळूचा टवका राहतो. पीळ जास्त झाला तर सूत स्वतःभोवतीच आटे घेऊन बसतं आणि कुणाचं ऐकत नाही. या दोन्हींच्या मधली जागा इतकी अरुंद आहे की पहिले काही दिवस माणूस तिच्यावरून नुसता ये-जा करत असतो. त्या दिवसांतलं सूत म्हणजे ओळीनं बेडूक गिळलेला साप. मध्येच फुगलेलं, मध्येच केसासारखं, आणि तुटायचं तेव्हा नेमकं त्या केसाशी. बरं, तुटलं की दोष द्यायला कुणी नाही. कचेरीत काम बिघडलं तर वरून मंजुरी आली नव्हती, सर्व्हर बंद होता, त्या दिवशी मी रजेवर होतो, असं काहीही सांगता येतं. चरख्यापुढे मीटिंग बोलावता येत नाही. सूत तुटण्याचं कारण सूत धरलेल्या हातात असतं आणि तो हात आपल्याच खांद्याला जोडलेला असतो. वीस-पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हा अनुभव नवा असतो, आणि त्याला शांती म्हणणं म्हणजे फारच झालं.

कातण्यात निदान मधेच उठून चहा पिता येतो. विणकामात ज्याला विणणं म्हणतात ते सुरू व्हायलाच वेळ लागतो. बारा इंच रुंदीचा साधा मफलर घेतला आणि इंचाला वीस धागे धरले, तरी उभे धागे दोनशे चाळीस. ते सगळे सारख्या लांबीचे मोजायचे, सारख्या ताणानं गुंडाळायचे, मग प्रत्येक धागा आपापल्या डोळ्यातून ओवायचा आणि पुन्हा फणीच्या आपापल्या घरातून. सतराव्या धाग्याला झालेली चूक दोनशेतिसाव्या धाग्याला कळते, कारण शेवटी एक घर रिकामं राहतं. ते कुठून आलं हे शोधत मागे मागे जाताना माणसाला आपल्या जुन्या गणिताच्या मास्तरांची आठवण होते आणि त्यांचं बरोबर होतं असं वाटायला लागतं. एवढं होऊन माग चालू झाला की सरळ स्वभावाच्या लोकांची आणखी एक परीक्षा असते. आडवा धागा काठापासून काठापर्यंत सरळ, ताणून टाकावा, असं कुणालाही वाटेल. तसा टाकला की फसगत होते. उभ्या धाग्यांच्या वर-खाली वळसे घेत जायला त्याला जास्तीची लांबी लागते, म्हणून तो तिरका किंवा कमानीसारखा सैल सोडून मगच फणीनं ठोकायचा असतो. सरळ ताणला की तो लागणारी लांबी काठांकडून वसूल करतो, दोन्ही काठ आत ओढले जातात, आणि बारा इंचांवर सुरू झालेला मफलर संपताना नऊ इंचांचा होतो. तो मग भेट म्हणून दिला जातो. नागपूरला, मे महिन्यात. घेणारा ‘अय्या, घरी विणलास?’ म्हणतो, आणि त्या ‘घरी’वर जो जोर असतो त्यात सगळं परीक्षण येऊन जातं.

या खटाटोपातून काही मिळत नाही असं मात्र मुळीच नाही. मिळतं ते मफलर देऊन टाकल्यावर. असा एक मफलर विणलेला माणूस पुढच्या वेळी कापडाच्या दुकानात शिरला की त्याचं वागणं बदललेलं असतं. तो आधी काठाशी बघतो. हातमागावर कापडाचा पन्हा ताणून धरणाऱ्या काठीची टोकं काठाजवळ बारीक भोकं ठेवून जातात. पूर्वी त्याला तो माल खराब वाटला असता, आता तो त्या भोकांकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघतो. पैठणी दाखवली तर पदर उलटा करतो. येवल्या-पैठणच्या हातमागावर पदरातला मोर विणताना प्रत्येक रंगाची छोटी कांडी वेगळी, आणि ती जिथे तो रंग संपतो तिथूनच परत फिरते. त्यामुळे खऱ्या पैठणीचा मोर पाठीमागूनही जवळजवळ मोरच दिसतो. यंत्रावरच्या नकलेत पाठीला कापलेल्या धाग्यांची झालर असते. हे ज्ञान पुस्तकातही मिळतं, नाही असं नाही. पण पुस्तकातून ते मिळवणारा पदर उलटतो तो नक्कल पकडायला. विणलेला माणूस उलटतो आणि मनातल्या मनात कांड्या मोजायला लागतो. ‘किती दिवस लागले?’ हा प्रश्न तो ‘कमी काय कराल?’च्या आधी विचारतो, आणि उत्तर ऐकून दुसरा प्रश्न बहुधा विचारतच नाही. त्याला एवढं कळलेलं असतं की विणकर एकटा विणत नाही. कांड्या भरणं, ताणा लावणं, खळ देणं, ओवणं ही कामं घरातल्या बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी केलेली असतात आणि बिलात त्यांची ओळ नसते. २०१९-२० च्या गणनेत देशात हातमागावर आणि त्याच्या पूरक कामांत मिळून ३५ लाखांहून जास्त माणसं मोजली गेली, त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक बायका. सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांची महिन्याची कमाई पाच हजार रुपयांच्या आत होती. जितके पैसे आपण एका कार्यशाळेला, येण्याजाण्याच्या टॅक्सीसकट, सहज घालवतो, त्याच्या आसपासच हा आकडा आहे. तो वर्तमानपत्रात वाचून माणूस हळहळतो. दोनशे चाळीस धागे ओवल्यावर वाचला की गप्प होतो. दुकानदाराशी बोलताना गप्प झालेलं मराठी गिऱ्हाईक ही विणकराच्या दृष्टीनं क्रांतीच आहे.

यावर पहिला आक्षेप यंत्राचा. गिरणीतली चाती मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेते, एकेका यंत्रावर अशा शेकडो चात्या असतात. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला आणि आज भिवंडी-मालेगावच्या खडखडाटात देशाचे कपडे तयार होतात. मग चिमटीत कापूस धरून बसण्यात काय मतलब? आक्षेप बिनतोड आहे, म्हणूनच मी तो मान्य करतो. हातानं यंत्राची बरोबरी व्हावी म्हणूनही प्रयत्न झालेच. १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं. अटी अशा की चरखा दीडशे रुपयांहून महाग नको, खेड्यातल्या झोपडीत मावला पाहिजे, बाईमाणसाला फारसे कष्ट न पडता आठ तास चालवता आला पाहिजे, आणि वीस वर्षं टिकला पाहिजे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानंही त्यासाठी चरखा बनवला होता. बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही. तेव्हा घरचा चरखा गिरणीला हरवील ही आशा आपण सोडून देऊ. पण त्यामुळेच माझा मुद्दा पक्का होतो. यंत्रानं कापड इतकं स्वस्त आणि इतकं मुबलक केलं आहे की कापड केलं जातं, हेच आपण विसरलो आहोत. ते कपाटात असतं, सेलमध्ये असतं, ॲपवर असतं. दोनशे रुपयांचा टी-शर्ट तीन वेळा घालून पुसायच्या फडक्यांत टाकणारा माणूस दुष्ट नसतो. त्या टी-शर्टात काही हजार वार सूत आहे, हे त्याच्या बोटांना माहीत नसतं. यंत्राला बोटं नाहीत, त्यामुळे हे शिकवायची जबाबदारी यंत्र घेऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो रवींद्रनाथ ठाकुरांचा आहे. १९२५ मध्ये ‘मॉडर्न रिव्ह्यू’त त्यांनी चरख्याच्या पंथावर टीका केली. एकच हालचाल दिवसेंदिवस करत राहण्यानं माणसाचं मन यंत्र होतं आणि सगळ्या देशाला एकाच साच्यात बसवणं हे विचारांचं दारिद्र्य आहे, असा तिचा आशय होता. गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून उत्तर दिलं, आणि दोघांनी एकमेकांचा मान राखून मतभेद इतक्या नीट मांडले की आजच्या वाचकाला ते दोघं एकाच देशातले होते यावर विश्वास बसू नये. पोटासाठी आठ-आठ तास कातणाऱ्याबद्दल रवींद्रनाथांचं म्हणणं खोटं म्हणवत नाही. छंद म्हणून कातणाऱ्याच्या बाबतीत मात्र ही भीती निराधार आहे. मन यंत्र व्हायचं तर आधी हालचाल सारखी व्हायला हवी. हौशी माणसाचं सूत दर वेळी नव्या जागी, नव्या कारणानं तुटतं. एकसुरीपणाचा शाप भोगण्याइतकी त्याची पात्रता व्हायच्या आत चरखा माळ्यावर गेलेला असतो. आणि जाऊ दे माळ्यावर. माझ्या मांडणीत ही गोष्ट अपयशात जमा होत नाही. गिऱ्हाईक घडवायला जेवढं सूत तुटावं लागतं तेवढं एव्हाना तुटून झालेलं असतं.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र थट्टा थोडी आवरावी लागते. सोलापुरातल्या पद्मशाली विणकराच्या घरात मुलगा आयटीत जावा म्हणून धडपड चाललेली असते, आणि हिंजवडीतला आयटीवाला शांती मिळावी म्हणून माग विकत घेतो. ज्या कामानं एका घरात गुडघे गेले, डोळे गेले, ते काम दुसऱ्या घरात दिवाणखान्याची शोभा होतं. हा पोटभरलेल्यांचा खेळ आहे, असं कुणी म्हटलं तर ते खरंच आहे. पण खेळ बंद केल्यानं सोलापूरकराचं काय भलं होणार? तो मुलगा आयटीत जावा हे उत्तमच. कुणाचा बाप विणकर होता म्हणून त्यानंही विणत राहावं, असं म्हणण्याचा अधिकार छंदवाल्यांना तर मुळीच नाही. प्रश्न जे अजून मागावर आहेत त्यांचा आहे, आणि त्यांच्या मालाचं मोल ठरवणारा माणूस कोण, याचा आहे. आज तो मोल ठरवतो फोटो बघून आणि सेलची वाट बघून. उद्या त्यानं बोटांवरून ठरवलं तर विणकराचं नुकसान नक्की नाही. जास्तीचा पैसा दुकानदाराच्या गल्ल्यातच अडकेल, असंही म्हणता येईल, आणि बऱ्याचदा तसं होईलही. मात्र ‘हे कुणी विणलं, कुठे विणलं, त्याला यातले किती मिळाले’ असे प्रश्न विचारणारी दहा गिऱ्हाइकं एका दिवशी आली, तर काउंटरमागच्या माणसाला निदान विणकराचं गाव तरी पाठ करावं लागेल. छंदवाले विणकरांच्या धंद्यावर गदा आणतील ही भीती तर बाळगूच नये. धोतराला वर्ष आणि लुगड्याला सोळा महिने लावणाऱ्या स्पर्धकाला आजवर कोणी घाबरलेलं नाही.

राहता राहिला अर्धवट ज्ञानाचा उपद्रव, आणि इथे मी हात टेकतो. दोन दिवसांची कार्यशाळा केलेला माणूस हा समाजात फिरणारा धोका आहे. तो लग्नात आहेराच्या रांगेत उभा राहून नवरीचा पदर उलटून पाहतो. पाहुण्यांच्या सोफ्याच्या कव्हरला ‘यंत्रमाग’ असं म्हणून उसासा टाकतो. इंचाला धागे किती, हे मोजायला खिशात भिंग बाळगतो, आणि जेवणाच्या टेबलावर पीळ उजवा की डावा यावर कोशिंबीर सांडेपर्यंत बोलतो. त्याच्याशी गाठ पडली की आपला टी-शर्ट बरा वाटायला लागतो. या माणसावर उपाय एकच, तो म्हणजे त्याला तिसऱ्या दिवशीही मागावर बसवणं. ज्ञान पहिल्या दोन दिवसांत येतं; ते कमी आहे हे तिसऱ्या दिवशी, सतराव्या धाग्यापाशी कळतं. अर्धवट ज्ञानाचा उतारा पूर्ण ज्ञान हा नसून आणखी थोडं अपयश हा आहे, आणि ते पुरवण्यात माग कधी हात आखडता घेत नाही.

तेव्हा माझी एक सूचना आहे. सरकारनं ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन साजरा करायचं २०१५ पासून ठरवलं आहेच. त्या दिवशी भाषणं होतात, सवलती जाहीर होतात आणि सवलतीसाठी झुंबड उडते. भाषणं चालू राहू द्यावीत, त्यांनी कापडाचं काही बिघडत नाही. सवलतींचा नियम मात्र बदलावा. हातमागाच्या दुकानात घासाघीस करायची असेल त्यानं आधी स्वतः कातलेल्या सुताचा, स्वतः विणलेला वीतभर रुमाल काउंटरवर ठेवावा. काठ सरळ हवेत अशी अट नको. बारा इंचांचा नऊ इंच झालेला असला तरी चालेल. रुमाल नसेल त्यानं चिठ्ठीवर लिहिलेली किंमत मुकाट्यानं मोजावी, कारण त्याला त्यातलं काही कळत नाही. रुमाल असेल त्याला हवी तेवढी घासाघीस करायची मोकळीक द्यावी. या योजनेत दुकानाला एक पैचीही तोशीस पडणार नाही, कारण रुमाल विणलेला माणूस काउंटरशी येईल, तोंड उघडेल, चिठ्ठीवरची किंमत वाचेल, रुमालासाठी आपले किती दिवस गेले ते आठवेल, आणि ‘एवढ्यातच देताय?’ असं विचारून बसेल.